उताराचे तीन टप्पे

"माणसानं बसायचं कुठं, हा मानवजातीचा सनातन प्रश्न आपल्या बंदरावर कायमचा सुटणार आहे!" संयुक्त महाराष्ट्र झाला त्या वर्षी हरेश्वर ओव्हरसियरांनी चावडीत ही घोषणा केली. टाळ्या वाजल्या, पण त्या डासांसाठी होत्या.

मुंबईची सरकारी नोकरी संपवून हरेश्वर श्रीवर्धनच्या अलीकडच्या आपल्या गावी परतले होते, आणि गावाला काहीतरी देऊन टाकायची त्यांना घाई होती. धक्क्यापाशी उंडीच्या झाडांखाली मातीचा उतार होता. संध्याकाळी सारं गाव तिथं टेके. उतार भारी खोडसाळ. वर बसलेला सुपारीचा बागायतदार गप्पांच्या भरात घसरत घसरत कोळ्यांच्या मांडीला मांडी लावूनच थांबायचा. बागायतदाराघरच्या हरेश्वरांची आणि कोळ्यांच्या धर्माजी तांडेलाची दोस्ती शाळेतल्या बिगारीच्या वर्गापासून या घसरण्यावरच टिकली होती.

ओव्हरसियरांनी तो उतार कापला. जांभ्या दगडाचे तीन सपाट टप्पे बांधले, मध्ये पायऱ्या ठेवल्या. कुणी घसरू नये आणि समुद्र सगळ्यांना दिसावा, असा नकाशा. कुठं कोणी बसायचं, ते मात्र नकाशात नव्हतं. गावानं ते आपणहून भरून काढलं. वर बागायतदार, मध्ये दुकानदार, खाली कोळी. समुद्र सगळ्यांना दिसू लागला. वरच्यांना खालच्यांची टाळकी दिसू लागली आणि खालच्यांना वरच्यांच्या वहाणा.

"धर्मा, वर ये की रे!" हरेश्वर वरून हाका मारत.

"हितं बरा हाय मी."

"अरे, सगळ्यांसाठीच बांधलंय!"

"व्हय तर. आजवर कुणाला ठाव व्हतं, कुणाची जागा कंची?"

पुढं पुढं धर्माजीनं ओ देणंही सोडलं. एका संध्याकाळी हरेश्वरांनी शेजारी धर्माजीसाठी राखलेल्या जागेवर काळूराम बागायतदारानं आपला पानाचा डबा ठेवला. हरेश्वर उठले, धोतर सावरत खाली उतरले आणि धर्माजीजवळ बसले. घसरून यायला कधी धीर लागला नव्हता. आज लागला.

"उतारच बरा होता रे, धर्मा."

हरेश्वरांनी जांभ्यावरून हात फिरवला.

"पुन्हा माती टाकून घेऊ का?"

"आता कोन बसतंय मातीत? समद्यांची धोतरं पांढरी झाली."

हरेश्वरांनी आपल्या धोतरावरची धूळ झटकली.

"हऱ्या," धर्माजी म्हणाला, "वर जाशील तवा माझ्या बायकोची, तुळशीची, ही सुकटीची पाटी घेऊन जा. पायऱ्या लय उंच केल्यास. तिचे गुडघे धरतात."