सालीच्या आतलं पांढरं

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या दत्तमंदिरात दत्तजयंतीचा नैवेद्य मी एकोणतीस वर्षं रांधते आहे, आणि त्यातला एक कणही देवाच्या आधी माझ्या जिभेला लागलेला नाही. नैवेद्य चाखायचा नसतो. मीठ वासावर ठरवायचं असतं. मिठाला वास नसतो, असं शिकलेली माणसं मला समजावतात. त्यांनी खुशाल समजवावं. मीठ पडलं की उकळत्या भाजीचा वास बदलतो, आणि ज्याला तो कळत नाही त्याने देवाच्या चुलीपाशी उभं राहू नये. हे मीच म्हणायचे, मोठ्या तोऱ्यात, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, नव्या सुनांना.

करोनाच्या तापात माझा वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. चार वर्षं झाली, आला नाही. दूध लागतं तेव्हा मला धूर दिसतो तेवढाच. मी कुणाला बोलले नाही. माझा नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर या पाऱ्यात मला मान आहे तो फक्त या नैवेद्यामुळे, आणि तो मला सोडायचा नव्हता. म्हणून मी मापाने मीठ घालू लागले. घरी मापाने घातलं तरी चाखून सावरता येतं. देवळात सावरायची सोय नाही, आणि दत्तजयंतीला माझा कडक उपास, त्यामुळे नंतरही पंगतीतलं मी काही खात नाही.

मागच्या वर्षी पंगतीत पाण्याचे अकरा जार लागले. पूर्वी सहात भागायचं. डिसेंबरात लोकांना एवढी तहान का लागावी, असं माझ्या मनात आलं होतं. मी ते मनात फार वेळ राहू दिलं नाही. ‘मंदाकिनीकाकू, छान झालं’ असं झाडून सगळे म्हणाले होते ना!

आता गंधालीचं सांगते. ही माझ्या दिराची, शेखरची मुलगी. नागपूरला अन्नशास्त्र शिकली, पुण्यात बिअर बनवायचं काम शिकली, आणि या वर्षी रायपूरला परत आली ती विमानतळाच्या रस्त्यावर भार्गव नावाच्या पोराने काढलेल्या ठिकाणी कामाला. तिथे बिअर तिथेच बनवतात आणि तिथेच पाजतात. शेखर म्हणाला, दारू गाळणारी पोट्टी माझ्या घरात नको. मी म्हणाले, तुमच्या मित्रांच्या पोरांच्या लग्नात गाडीच्या डिकीत काय असतं ते सांगू का तुमच्या बायकोला? तेव्हापासून दीर माझ्याशी बोलत नाही आणि गंधाली माझ्याकडे राहते.

नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस ती चहा घेता घेता म्हणाली, “काकू, आज दुपारी चल माझ्यासंग. गव्हाची बिअर केली आहे. संत्र्याची साल, धने, गवती चहा आणि तुळस घातली. सगळे चाखून राहिले, पण खरं कोणी बोलत नाही. तू पिऊ नको, फक्त वास घे. तुझं नाक पाहिजे मले.”

दारूच्या जागी मी येत नाही, असं म्हणता आलं असतं. पण तेच म्हणाला म्हणून तर मी शेखरशी भांडले होते. निघावं लागलं.

ते ठिकाण मला आवडलं, हे कबूल करते. काचेमागे स्टीलच्या टाक्या, दुधाच्या डेअरीत असतात तशा, आणि स्वच्छता अशी की आमच्या देवळाच्या मुदपाकखान्याने शिकावं. भार्गव तात्यापाऱ्यातच वाढलेला. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देतो.

“काकी, सीधी बात है,” तो म्हणाला. “ये वाली जमी तो कल बड़ी टंकी लगेगी, और इकतीस दिसंबर को यही नल पे चढ़ेगी. नहीं जमी तो मैं मैंगो का सिरप मँगा रहा हूँ. पब्लिक को वही चाहिए.”

“सिरप आलं तर मी काय ढवळायले राहू का इथं?” गंधाली माझ्या कानात म्हणाली. “बेंगलोरला जाते मग.”

भार्गवचे दोन मित्र आधीच ग्लास हुंगून वाहवा करत होते. माझ्यापुढे एक ग्लास आला. गढूळ पिवळी बिअर, वर ताकाला येतो तसा फेस. मी तो नाकाशी धरला. नाकात गार हवा गेली, बस. दुसरं काही नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

“छान आहे,” मी ग्लास दूर सरकवत म्हणाले. “संत्रा बरोबर आला.”

संत्रा आहे हे तिनेच सकाळी सांगितलं होतं.

“झालं!” गंधालीने टाळी वाजवली. “काकूने सांगितलं म्हणजे झालं. भार्गव, उद्या मोठी टाकी लाव.”

मी आयुष्यात अन्नाबद्दल खोटं बोलले नव्हते. माणसांबद्दल बोलले असेन, अन्नाबद्दल नाही. आणि आज बोलले ते या पोरीशी, जिने घरदार सोडून माझ्या शब्दावर भरवसा ठेवला होता. ती माझ्या खोट्यावर मोठी टाकी चढवणार होती. मला माझीच किळस आली.

“थांब, गंधाली,” मी म्हणाले. “मले वास येत नाही. करोनापासून. आत्ता मी खोटं बोलली.”

भार्गवच्या मित्रांनी ग्लास खाली ठेवले. गंधालीने बोटांवर वर्षं मोजली.

“चार वर्षं?”

“हव.”

“आणि नैवेद्य?”

 मान खाली घालून बसायची मला सवय नाही, आणि पोरीचं काम अजून व्हायचं होतं.

“नाक गेलं, जीभ आहे,” मी म्हणाले. “आण तो ग्लास.”

“काकू, तू पिणार?”

“आणते का मी उठू?”

सदुसष्टाव्या वर्षी मी बिअरचा पहिला घोट घेतला. वास नसला की जीभ एकटीच काम करते. तिला कुणी भुलवत नाही. आधी आंबट लागलं, मग पुसटसं गोड. मी गिळलं. आणि गिळून झाल्यावर घशाशी काहीतरी कडू येऊन बसलं ते उठेचना. दुसरा घोट घेतला. पुन्हा तेच.

“कडू आहे,” मी म्हणाले.

भार्गव हसला. “काकी, बियर कड़वी ही होती है.”

“कारलंही कडू असते रे. ते येते आणि जाते. हे नंतर आलं आणि ठाण मांडून बसलं. संत्र्याच्या सालीच्या आतलं पांढरं असंच लागते. मुरंब्यात ते राहिलं की अख्खी बरणी वाया जाते.”

गंधालीचा चेहरा उतरला. ती टाकीपाशी जाऊन उभी राहिली आणि मग परत आली.

“पहिल्या वेळी पाचच लिटर होती. सालं मी स्वतः किसली होती, वरची नारिंगी तेवढी,” ती म्हणाली. “या वेळी ऐंशी लिटर. घाईत होती मी. गोल बाजारातल्या ज्यूसवाल्याकडून सालं आणली आणि अख्खी टाकली. वास इतका सुंदर आला की कडू मले कळलंच नाही.”

“किसी को नहीं कळेगा,” भार्गव म्हणाला. एवढी मराठी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. “खुशबू देख ना. चढ़ा दे.”

“मले कळलं न आता. ही टाकी नळावर जात नाही.” गंधालीचा आवाज चढला नव्हता. “मले तीन आठवडे दे. सरळ मोठ्या टाकीतच पुन्हा करते. काकू चाखेल, आणि ती कडू म्हणाली तर तुझं सिरप मी स्वतः ढवळीन.”

भार्गवने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, जशी काही मी रोज हेच करते.

त्या बिअरचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले, पुन्हा प्यायले, दोन्ही वेळा गिळून थांबले. घशाशी काही बसलं नाही. मी ‘लाव’ म्हणाले आणि ती नळावर लागली. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

दुसऱ्या दिवशी गंधालीने तीन पेट्या संत्री घरी आणली. आम्ही दोघी किसण्या घेऊन बसलो. नारिंगी निघेल तेवढं काढायचं, पांढरं दिसलं की थांबायचं. एक पेटी संपवून तिने दुसरी उघडली. मग मान वर न करता म्हणाली, “काकू, मागच्या वर्षी दत्तजयंतीले आली होती मी, तवा नैवेद्याचा घेवडा खारट होता.”

“आणि त्याच्या आधीच्या वर्षी?”

“तवाही.”

“मग बोलली काहून नाही तू?”

“प्रसाद होता न, काकू. प्रसादाले कोण नावं ठेवते?”

मला संताप आला. तिचा आला, ‘छान झालं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा आला. पानात खारट घेवडा पडला तर तो गिळायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचं आणि बाईला देवासमोर वर्षानुवर्षं चुकू द्यायचं! मग ते अकरा जार आठवले, आणि राग जिथे जायला हवा तिथे गेला. मला ठाऊक होतं. मी रडले. हात मात्र थांबवला नाही, कारण साल वाळली की नीट किसता येत नाही.

सकाळी आंघोळ करून मी दत्तोपंतांकडे गेले. मंदिराचं सगळं तेच पाहतात. मी ओसरीवर बसले आणि एका दमात सांगितलं की मला वास येत नाही, चार वर्षं मी अंदाजाने मीठ घातलं आणि ते चुकलं.

दत्तोपंतांनी पंच्याचं टोक चाळवलं. “आम्हाले वाटलं, वय झालं तुमचं,” ते म्हणाले. “बोलावं कसं? मग यंदा कमलाबाईले सांगतो मी.”

“नाही. रांधीन मीच. हात माझे धड आहेत. वास घ्यायले गंधाली उभी राहील.”

“ते बिअरवाली पोट्टी? देवाच्या चुलीपाशी?”

“आंघोळ करून येईल. महाराजांनी चार वर्षं खारट घेवडा गोड मानून घेतला, त्यांना धुतल्या हातांची पोट्टी चालत नाही का?”

“लोक बोलतील, मंदाकिनीबाई.”

“बोलू द्या. बोलले नाही म्हणूनच तर हे झालं.”

मी उत्तराची वाट न पाहता उठले. त्यांनी नाहीही म्हटलं नाही.

दत्तजयंतीला गंधाली पहाटेच न्हाऊन आली, नऊवारी नाही पण साडी नेसून. घेवडा उकळू लागला तशी ती पातेल्यावर वाकली आणि डोळे मिटून उभी राहिली. बायका कुजबुजत होत्या. मी माझ्या मापाच्या अर्ध्याहून थोडं कमी मीठ घातलं.

“आता?”

“अजून नाही.”

चिमूटभर, मग आणखी चिमूटभर. माझा हात पुढे जात होता आणि तिच्या तोंडाकडे पाहून थांबत होता. एकोणतीस वर्षांत मी कुणाला विचारून मीठ घातलं नव्हतं.

“बस,” ती म्हणाली. “काकू, बस.”

मी मिठाच्या डब्याला झाकण लावलं.

सुंठवडा वाटला, नैवेद्य झाला, पंगत बसली. या वेळी ‘छान झालं’ असं कुणी मला सांगायला आलं नाही. वाढणारे मात्र घेवड्याची रिकामी बादली घेऊन दोनदा परत आले. पंगत उठल्यावर मी मागच्या अंगणात हात धुवायला गेले, तर दत्तोपंत पाण्याच्या जारांपाशी उभे होते. मागच्या वर्षीच्या अंदाजाने त्यांनी अकरा मागवले होते.

“पाच तसेच उरले,” ते म्हणाले. “परत पाठवू का?”

“पाठवा,” मी म्हणाले.