उलटा बाण

पट्टीबाईंचं पत्र येऊन अकरा वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. मजकूर दोन ओळींचा होता: "सर, त्या लहान मुलाच्या सांगाड्याचं माझं चित्र खरंच चुकलं होतं का? एवढंच कळवा."

आमच्या उत्खननावर बाई आरेखन करत. हातात कायम पट्टी, म्हणून हे नाव. त्या चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घरांच्या जमिनीखालीच पुरलेली माणसं सापडली. सगळ्यांची डोकी उत्तरेला. एक मूल तेवढं, माझ्या अहवालाप्रमाणे, दक्षिणेला डोकं करून. त्यावर मी चाळीस पानं लिहिली. मला जी काही थोडी ओळख मिळाली, ती त्या पोरामुळे. बाईंच्या चित्रात त्याचंही डोकं उत्तरेला होतं. फोटो मात्र माझ्या बाजूने. मी तळटीप दिली: 'आरेखकाची चूक.' पुढच्या हंगामाला त्यांना कोणी बोलावलं नाही.

पत्र आलं त्या दिवशी मी तो फोटो भिंगाखाली धरला. फोटो घेण्याआधी सांगाड्याशेजारी उत्तर दाखवणारा लाकडी बाण ठेवतात. तो मीच ठेवला होता. वहीत वेळ सकाळी साडेसातची. पण बाण खरा मानला, तर सावल्या पूर्वेकडे पडत होत्या; म्हणजे त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला होता. मी भिंग ठेवून दिलं. म्हटलं, उद्या लिहू.

काल संग्रहालयातून माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, नव्या दालनाच्या फलकाचा मजकूर पाठवलाय. मधोमध तुमचं उलटं पोर! शुक्रवारी छपाईला जातोय. हो म्हणा ना."

"पाहतो," म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, आणि या वेळी हो म्हणायचीही सोय नव्हती.

आज सकाळपासून कपाट ते खिडकी, खिडकी ते कपाट चाललं होतं.

"अहो, बसा की एका जागी," बायको म्हणाली. "फरशी झिजेल."

"पत्र लिहितोय."

"पायांनी?"

तिने टेबलावरचा कागद उचलून मोठ्याने वाचला. "'दिशादर्शनात त्रुटी राहून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' कशी राहिली? वाऱ्याने?"

"अगं, अहवालाची भाषा तशीच..."

"बाईंनी अहवाल मागितलाय? बाण तुम्हीच ठेवलात ना?"

"हो."

"मग तेवढंच लिहा. शाईही कमी लागेल."

लिहिलं. 'बाण मी उलटा ठेवला. तुमचं चित्र बरोबर होतं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मला हे कळलं होतं.' तिसरं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. मग, धीर गळायच्या आत, संग्रहालयाला फोन लावला.

विद्यार्थिनीलाही तेच सांगितलं. "सर, मग त्या पोरात विशेष काय राहिलं?"

"काही नाही. सगळ्यांसारखंच पुरलंय त्याला. आणि चित्र बाईंचं लावा, नावासकट."

"तुमची चाळीस पानं?"

"चुकली," मी म्हणालो. म्हणता आलं, याचंच नवल वाटलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी पत्ता तीनदा वाचला. अकरा वर्षांत बाईंनी घर बदललं असेल तर? त्या असतीलच ना? पाकीट फटीत घातलं, पण धरूनच होतो. मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, "आजोबा, टाकताय ना?"

मी सोडलं.