व्हर्लीनचा दुसरा केक

माझ्या बायकोने स्वतःच्या दफनाच्या जेवणाचा केक स्वतःच करून ठेवला होता. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले आणि दुसऱ्या दिवशी व्हर्लीन दुकानातून दोन डझन अंडी घेऊन आली.

"ओलीटाचा केक खाऊन लोकांनी मला निरोप द्यायचा नाही," ती म्हणाली. "रडायचं तर माझ्यासाठी रडू देत."

तिने भरपूर लोणी-अंड्यांचे, पाउंड केक म्हणतात तसे, दोन केक भाजले, गार झाल्यावर चंदेरी कागदात गुंडाळले आणि फ्रीझरमध्ये ठेवले. एक चर्चसाठी होता. दुसऱ्यावर हात ठेवून म्हणाली, "हा तुझा, लूशस. कधी कापायचा ते तुझं तू ठरव."

मी हो म्हटलं. बेचाळीस वर्षांत मी तिला बहुतेक वेळा हो म्हणत आलो.

मार्च संपताना ती गेली. शनिवारी दफन झालं आणि सगळे चर्चमागच्या हॉलमध्ये जेवायला आले. आम्हा काळ्या लोकांच्या हॅकबेरी गल्लीत मयताच्या जेवणाला आलेल्या माणसाला तू कोण म्हणून विचारत नाहीत. गेलेल्याचे कुठले कुठले नातेवाईक येतात. कधी कधी ज्याचा संसार एकच आहे असं आपण समजत होतो, त्याच्या दुसऱ्या संसारातली मुलंही येतात. त्यांनाही तळलेली कोंबडी वाढतात. त्यामुळे चार गोरे तरुण आत येऊन रांगेत उभे राहिले, तेव्हा कुणी काही बोललं नाही. व्हर्लीनने तीस वर्षं शाळेच्या भोजनगृहात वाढलं होतं. तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली पोरं असतील, असं सगळ्यांनी धरून चाललं.

ओलीटा ग्रिम्स आमच्या चर्चचं स्वयंपाकघर सांभाळते. तिने त्यांची ताटं भरली आणि जाताना बरोबर न्यायला बांधूनही दिलं. पांढरे हातमोजे घातलेल्या चर्चच्या सेवकांना ती पोरं वाढपी समजली आणि त्यांच्यातल्या रूफसकडे गार चहा मागितला. रूफस सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, नुकताच शवपेटीला खांदा देऊन आला होता. त्याने चहा आणून दिला, वर लिंबू हवंय का तेही विचारलं.

निघताना त्यांच्यातला टॅनर नावाचा दाढीवाला माझा हात हातात घेऊन म्हणाला, "इथलं सगळं किती खरं आहे."

"हो," मी म्हटलं.

सोमवारी पास्टर पिंकनी फोन घेऊन माझ्याकडे आले. टॅनर आणि त्याची मंडळी मेकन शहराच्या गल्ल्यांतून खात हिंडतात आणि त्यावर लिहितात. पास्टरांनी वाचून दाखवलं. 'हॅकबेरी गल्लीत आम्हाला एक जागा सापडली आहे. पाटी नाही, मेनू नाही, कुणी पैसे मागत नाही. वाढपी सभ्य, जरा उदास. पाउंड केक असा की पुन्हा दुसरा खाऊ नये. एक तारा कापणार होतो, कारण कोपऱ्यात एक म्हातारा सारखा रडत होता. पण केकमुळे पाचही तारे दिले.'

तो म्हातारा मी.

सापडली म्हणे. माझा आजा त्या गल्लीत जन्मला, बाप तिथेच मेला. गल्ली हरवल्याचं दोघांच्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी हॉलला कुलूप असताना अकरा माणसं दारात उभी होती. ओलीटाच्या डोळ्यांदेखत कुणी उपाशी उभं राहिलेलं तिला चालत नाही. तिने कुलूप काढलं. त्यानंतर टॅनरचा फोन आला, की येत्या शनिवारी पंचवीस जण येतोय, अटलांटाच्या मासिकातला एक माणूसही आहे, आणि तो केक हवाच. ओलीटाने त्यालाही हो म्हटलं, आणि मग ती माझ्या दारात आली.

"लूशस, तुझ्या फ्रीझरमध्ये काय आहे?"

"मटार."

"मटारच्या मागे काय आहे?"

मी दार थोडं पुढे लोटलं.

"सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," ती म्हणाली. "व्हर्लीननेच दवाखान्यात पडल्या पडल्या सांगितलं."

"मग तो कुणासाठी आहे तेही सांगितलं असेल."

"अरे, पण तू तो खातोयस कुठे? नुसता राखण करतोयस. इथे चर्चचं नाव होतंय."

"चर्चचं नाव दारावर दगडात कोरलेलं आहे, ओलीटा."

ती पाय आपटत गेली. मग आठवडाभर रोज कुणी ना कुणी येत राहिलं. रूफस आला, हवापाण्यावर बोलला आणि जाता जाता म्हणाला, "जुनं सामान फार दिवस बर्फात ठेवू नये, चव जाते." बुधवारी पास्टर आले.

"ब्रदर मॅकव्हे, प्रभूने पाच भाकरी वाटल्या आणि पाच हजार लोक जेवले."

"त्या भाकरी त्याच्या मेलेल्या बायकोने भाजलेल्या नव्हत्या, पास्टर."

त्यांनी जरा विचार केला आणि टोपी घालून गेले.

मी रोज सकाळी फ्रीझर उघडत होतो, मटार बाजूला करून बघत होतो आणि पुन्हा बंद करत होतो. तो केक खाल्ला की तिच्या हातचं जगात काही उरणार नव्हतं. नाही खाल्ला तर बर्फ लागून वाया जाणार होता. मी चाळीस वर्षं शहराचे पाण्याचे नळ दुरुस्त केले. गळती कुठे आहे ते मला कळतं. ही मला थांबवता येत नव्हती.

शनिवारी मी हॉलमध्ये गेलो तो ओलीटा काय करते ते बघायला. टेबलाच्या मधोमध केक होता, आणि पुढे कार्ड, 'व्हर्लीन मॅकव्हेचा पाउंड केक'. माझा फ्रीझर तर मी तासापूर्वीच बघून आलो होतो. केकचा रंग बघितला आणि कळलं, हा ओलीटाचा. आमची चाळीसेक माणसं हॉलमध्ये होती. त्यांनाही कळलं होतं, पण सगळे आपापल्या ताटात बघत होते.

टॅनरने तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मासिकवाल्यानेही मिटले. उरलेल्यांनी आधी त्या दोघांकडे पाहिलं आणि मग मिटले.

"हाच," टॅनर म्हणाला. "अगदी तोच. ही चव मी हजारात ओळखेन. असा हात दुसऱ्या कुणाला असूच शकत नाही."

मी ओलीटाकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती गालातल्या गालात हसत असेल. तिचा चेहरा उतरला होता. हे वाक्य ऐकायला ती तीस वर्षं थांबली होती. आज कुणीतरी ते बोललं, आणि कौतुक व्हर्लीनला गेलं.

मी उठून उभा राहिलो. "तो केक माझ्या बायकोचा नाही. या ओलीटा ग्रिम्सचा आहे. असल्या केकबद्दल कुणी व्हर्लीनला वाखाणलं, तर ती कबरीत उठून बसेल."

मागे कुणीतरी खोकलं. टॅनरने चमचा खाली ठेवला.

"मग खरा कुठे आहे?"

"संपला," मी म्हटलं.

चाळीस माणसांना माहीत होतं की तो मटारच्या मागे आहे. दर रविवारी खोट्यावर प्रवचन देणाऱ्या पास्टरांना माहीत होतं. ओलीटाला माहीत होतं.

"शेवटचा तुकडा मीच खाल्ला," रूफस म्हणाला. "मागच्या महिन्यात. माफ करा."

"खोटं नाही," पास्टर म्हणाले, आणि लगेच पाणी प्यायले.

टॅनरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथल्या तिथे लिहिलं, की ती चव आता जगात नाही, आणि नाहीशी होण्याआधी ती चाखणारे शेवटचे लोक आम्हीच. त्यामुळे त्यांना फारच बरं वाटलेलं दिसलं. पुढच्या शनिवारी ते नदीपलीकडच्या कुठल्याशा गल्लीत गेले. आमच्याकडे पुन्हा फिरकले नाहीत.

त्या शनिवारी सगळे गेल्यावर ओलीटा भांडी घासत होती. मी पुसायला उभा राहिलो.

"असला केक म्हणजे कसला रे?" तिने मान न वळवता विचारलं.

"लिंबू जास्त आहे."

"कृती तिनेच लिहून दिली मला. तिच्या अक्षरात आहे. लिंबाचा अर्क, दोन मोठे चमचे."

"ती एक छोटा घालायची."

ओलीटाने नळ बंद केला. "तीस वर्षं, लूशस."

"मी सांगितलं होतं तिला, खरं काय ते सांगून टाक म्हणून. ती म्हणाली, ओलीटा गेल्यावर तिच्या मुलीला सांगेन. आपण आधी जाऊ असं तिला वाटलं नव्हतं."

ओलीटाने ओले हात एप्रनला पुसले. मी म्हटलं, "उद्या प्रार्थनेनंतर घरी ये. सकाळीच बाहेर काढून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी ती चर्चची टोपी घालूनच आली आणि टोपी न काढताच जेवणाच्या टेबलाशी बसली. मी केक कापला. तिने एक घास घेतला आणि हळूहळू चघळला. छान आहे असं काही म्हणाली नाही. ताटली पुढे सरकवून म्हणाली, "अजून एक दे. जाड काप."

मग तिने तोंड सोडलं. व्हर्लीन कशी लबाड होती. चर्चच्या महिला मंडळाच्या निवडणुकीत तिने कसा दगा दिला. एकोणीसशे ब्याण्णवच्या सहलीत बटाट्याच्या कोशिंबिरीवरून सगळ्यांसमोर काय काय बोलली. मी मध्ये मध्ये दुरुस्ती करत होतो आणि खात होतो. गेले दोन-तीन आठवडे येणारा जाणारा मला सांगत होता की माझी बायको देवदूत होती. आज पहिल्यांदा कुणीतरी व्हर्लीनबद्दल बोलत होतं.

"कॉफी टाकू?" मी विचारलं.

"टाक," ओलीटा म्हणाली. "अजून माझं सांगून झालेलं नाही."