मी स्पिन, चातीवरून जिभेवर आलेला

मी स्पिन बोलतोय. हो, इंग्रजी शब्द. नाक मुरडू नका. तुमच्या घरात मी विचारून शिरलो नाही हे खरं, पण तुम्ही तरी मला कुठे कधी जा म्हणालात? कपडे धुवायच्या यंत्रावर माझं नाव आहे, मैदानावर चेंडू वळला की माझ्याच नावाने टाळ्या पडतात. तेव्हा आता गपगुमान ऐकून घ्या. माझं टाळकं सटकलंय.

मूळचा मी ओढण्यातला. मूठभर लोकर घ्यायची, तिच्यातून बोटांनी तंतू ओढत न्यायचा, आणि ओढता ओढता त्याला पीळ द्यायचा, या कामाचं नाव मी. कोळ्याला इंग्रजीत स्पायडर हे जे नाव पडलं तेही आमच्याच घराण्यातलं, कारण तोही पोटातून धागा काढतो. सूत कातणाऱ्या बाईलाही माझ्यावरूनच स्पिन्स्टर हे नाव मिळालं. पुढे लोकांनी काय करावं? तेच नाव लग्न न झालेल्या बाईला चिकटवलं आणि तिला हसायला लागले. बाई आपल्या बोटांवर जगते हे बघवलं नाही, दुसरं काय. माणसांशी माझं पहिल्यांदा बिनसलं ते तिथे.

सूत गुंडाळणारी चाती गरगर फिरते, म्हणून मग जे जे गरगर फिरेल त्याला मीच. भोवरा फिरला, बोलवा मला. विमान भिरभिरत खाली आलं, बोलवा मला. खलाशी रिकाम्या वेळी लांबलचक थापा मारायचे, तिथेही मलाच जुंपलं. ते मी सोसलं, कारण ऐकणाऱ्याला थाप कळत होती आणि चार घटका करमणूक होत होती. पण अलीकडे इस्त्रीच्या कपड्यांतल्या मंडळींनी मला जे काम दिलंय त्याची मला शिसारी येते. घडलेली गोष्ट अशी वळवायची की दोष भलत्याच्याच गळ्यात पडावा. खोटंही बोलायचं नाही, खरंही सांगायचं नाही. आणि हे करणाऱ्यांना हुशार म्हणतात.

एका घरचंच सांगतो. तिथे मी दोघींच्या तोंडी होतो. आई सूतगिरणीत कामाला. कुठे असता विचारलं की “स्पिनिंगला” म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा ऊर भरून यायचा. धागा तुटला की साचा, म्हणजे कातायचं यंत्र, न थांबवता दोन बोटांत टोक धरून तो सांधायची. त्याच बोटांवर तिने एकटीने लेकीला शिकवलं. लेक शिकली, आणि त्याच गिरणीच्या कचेरीत लागली. वर्तमानपत्रांना गिरणीची निवेदनं लिहून देणं हे तिचं काम. तिच्या साहेबांच्या तोंडी मी सारखा, ऐकून ऐकून तिच्याही. “बातमीला जरा स्पिन दे.” मीठ दे म्हणावं तसं.

आईच्या शेजारच्या साच्यावर तिची जोडीदारीण होती. अंगाने एवढीशी, म्हणून खात्यात सगळे तिला चिमणी म्हणत. साच्याच्या दातेरी चाकांवर लोखंडी जाळी असायची. ती उघडून अडकलेलं कापसाचं तूस काढायचं म्हणजे साचा थांबवावा लागे, आणि साचा थांबला की मुकादमाच्या कपाळाला आठ्या. म्हणून त्याने जाळ्याच काढून कोपऱ्यात टाकल्या होत्या. आई रोज जेवताना हे लेकीला सांगायची. “एक दिवस कुणाचा तरी हात जाणार बघ,” म्हणायची. लेक “हं” म्हणायची आणि फोन बघायची.

हात चिमणीचा गेला. उजव्या हाताची चार बोटं.

चौकशी लागली. दोष गिरणीचा ठरला असता तर चिमणीला बसून करायचं काम द्यावं लागणार होतं. तिचा ठरला तर बोटंही गेली आणि नोकरीही. तिच्या घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी गिरणीचं निवेदन छापून आलं: ‘सूचना धाब्यावर बसवून कामगार महिलेने चालू यंत्रात हात घातला.’ आईने ते वाचलं आणि पेपर लेकीच्या ताटाशेजारी ठेवला.

“हे तू लिहिलंस?”

“आई, मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं.”

“मग लिहू द्यायचं होतं त्याला. तो काही माझ्या पोटचा नाही.”

“चूक काय आहे त्यात? चालू यंत्रात हात घातला की नाही तिने?”

“घातला. आम्ही सगळ्याच घालतो. घालायला लावतात म्हणून घालतो. जाळी कुठे गेली ते लिही ना.”

लेकीने पेपर उलटा घातला आणि जेवायला घेतलं. आई मात्र चौकशीच्या अधिकाऱ्यापुढे जाऊन बोलली. जाळ्या कुणी काढल्या, कुठे टाकल्या, सगळं सांगितलं. बाकीच्या बाया खाली मान घालून उभ्या होत्या.

साहेबांनी लेकीला बोलावलं. “त्या म्हातारीचं काहीतरी करायला हवं.”

“सर, ती माझी आई आहे.”

“अरे वा. मग तर तुलाच जास्त ठाऊक. काही विसरते वगैरे का?”

आता इथे तिला नाही म्हणता आलं असतं. एवढासा शब्द, माझ्याहून लहान. ती म्हणाली, “चष्मा कुठे ठेवला ते विसरते कधी कधी.” साहेब हसले. आणि तिने खुर्ची पुढे ओढून लिहायला घेतलं: ‘साक्ष देणाऱ्या वृद्ध महिलेची स्मरणशक्ती क्षीण झाल्याचे तिच्या निकटवर्तीयांकडून समजते.’ लिहिताना तिने ‘निकटवर्तीय’ शब्द दोनदा खोडला म्हणे. खोडला तर खोडला, तिसऱ्यांदा लिहिलाच. मला तिची कीव येत नाही.

पेपरात ते आलं, अधिकाऱ्याने वाचलं, आईची साक्ष बाजूला पडली. दोष चिमणीचा ठरला आणि तिला घरी बसवलं.

त्या संध्याकाळी लेक घरी आली तर दाराला आतून साखळी. आईने फटीतून पाहिलं.

“कोण पाहिजे आपल्याला?”

“आई, मी आहे.”

“असाल. मला काही सांगता यायचं नाही. माझं डोकं चालत नाही, माझ्या निकटवर्तीयांनीच कळवलंय.”

“अगं, तसं नव्हतं गं ते. त्याला नुसता...”

पुढचा शब्द मी होतो. मी तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलो होतो. आईच्या चेहऱ्याकडे बघून तिने मला गिळलं.

“एक मुलगी होती मला, एवढं आठवतं,” आई म्हणाली. “चांगली होती.” आणि तिने दार लावून घेतलं.

लेक पायरीवर बसली आहे. मी तिच्या घशात अडकलोय, खालीही जात नाही आणि वरही येत नाही. बाई, थुंकून टाक मला. ऊठ आणि त्या अधिकाऱ्याकडे जा. तुझी आई रोज जेवताना जाळीबद्दल सांगत होती आणि तू ऐकत होतीस, एवढंच त्याला सांग. त्यासाठी मी लागत नाही.