तेल पिणारा दगड

मी एक जुना छपाईचा दगड आहे. मित्रांनो, आज मला पाहाल तर नाक मुरडाल. उत्तर कोलकात्यातल्या एका घरामागे, नळाखाली मी पडलो आहे आणि माझ्यावर माशांची खवले काढतात. पण याच पाठीवरून कधी काळी लाखो चित्रे छापून गेली.

साहेबाच्या राज्यात मी जहाजातून आलो आणि चितपूरला भुवनबाबू शीलांच्या छापखान्यात उतरलो. माझा एक स्वभाव आधीच सांगून ठेवतो. मला तेल दिसले की मी ते पितो आणि मग सोडत नाही. चित्रकार तेलकट खडूने माझ्यावर चित्र काढतो. त्यावर डिंकाचे पाणी फिरवले की माझी उरलेली पाठ नव्या तेलाला बंद होते आणि शाई फक्त खडूच्या रेघांवर बसते. काम संपले की वाळू-पाणी घालून मला घासतात, की मी पुन्हा कोरा.

सुरुवातीला माझ्यावर सरकारी कलाशाळेत शिकलेली मंडळी चित्रे काढत. साहेबी छायाप्रकाश शिकून आलेली ती पोरे! त्यांनी आपल्या देवांना असे गुबगुबीत गाल दिले की घरोघरी तेच लागले. कालीघाटच्या देवळापाशी हाताने चित्रे रंगवून विकणारे पटुआ एका फटकाऱ्यात मांजर नाहीतर बाबू उभा करायचे. आमच्या स्वस्त कागदापुढे त्यांच्या चुली थंड झाल्या. हे मी अभिमानाने सांगत नाही. मग स्वदेशीचे दिवस आले. साहेबाची नक्कल नको म्हणून धुक्यात विरघळणाऱ्या, डोळे मिटलेल्या नायिका आल्या. पुढे तरुणांना त्यांचाही कंटाळा आला. परिमल नाग हा त्यांतलाच एक.

सन एकोणीसशे त्रेचाळीस, बंगालच्या दुष्काळाचे. खेड्यांतून माणसे पेज मागत शहरात येत होती आणि फुटपाथवर मरत होती. परिमल त्यांची चित्रे काढत हिंडे. सरकारला अशी चित्रे नको होती; पोलिसांनी त्याची वही हिसकावून घेतली, तेव्हा डोळ्यांत उरलेली एक बाई काढायला तो थेट माझ्याकडे आला.

"लोक भिंतीवर लक्ष्मी टांगतात, बाबू," भुवनबाबू म्हणाले. "ही हाडं कोण टांगणार? तुमचे सासरे?"

"टांगू नका. नुसती बघा," परिमल म्हणाला.

दगड घासणारा नकुल बेरा मेदिनीपूरचा. तीस वर्षे माझी पाठ त्याच्याच हाताखाली होती. चित्र पुरे होत आले तेव्हा तो पाणी घेऊन आला आणि तिथेच खाली बसला.

"बाबू, हा भुवईवरचा व्रण… तुम्ही मनानं काढलात?"

"नाही, नकुलदा. तिला होता तो."

"लहानपणी माझ्या हातून झालेला आहे. खिरोदा आहे ही. माझी धाकटी बहीण."

परिमलने तिला जिथे पाहिले होते, त्या सियालदा स्टेशनाकडे दोघे धावत गेले. तिथे रिकामी जागा होती. मेलेल्यांची गाडी सकाळीच येऊन गेली, असे पानवाल्याने सांगितले. तिचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. आता तिचा चेहरा जगात फक्त माझ्या पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. त्या दिवशी कोणी हत्यार हातात धरत नाही; यंत्रांना तेल-शेंदूर लावून नुसता नमस्कार करतात. "डिंक परवा फिरवा," म्हणत भुवनबाबूंनी आदल्या संध्याकाळीच कुलूप लावले. माझी पाठ उघडीच राहिली.

सकाळी तेल-शेंदराची वाटी घेऊन नकुलने नेहमीप्रमाणे एकेका यंत्राला बोट लावले आणि शेवटी माझ्यापाशी आला. आमच्याकडे सवाष्ण भांगात शेंदूर भरते; खिरोदाचा भांग कोरा होता. तिचा नवरा मागच्या वर्षी मेदिनीपूरला झालेल्या वादळात गेला होता की तिला शेंदूरच मिळाला नव्हता, हे त्याला कुठून कळणार?

"सवाष्ण आहेस गं तू," तो पुटपुटला आणि त्याने तिचा भांग भरला.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मोहरीचे तेल भांगातून कपाळावर उतरले, भुवईवरून गालावर गेले, आणि मी ते प्यालो. मला प्यावेच लागते.

तिसऱ्या दिवशी पहिला कागद निघाला. चेहऱ्याच्या जागी काळा ओघळ होता.

"नकुलदा, तेल? आणि तुम्ही?"

"मला माहीत होतं, बाबू. पोरासोरांना मीच शिकवतो. त्या वेळी आठवलंच नाही."

परिमलने दुसऱ्या दगडावर तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळचे चित्र चांगले उतरले. नकुलने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "छान आहे, बाबू. पण ही आमची नाही."

इकडे कोजागरीच्या लक्ष्मीची चित्रे छापायला भुवनबाबूंना मी हवा होतो. दुसरा माणूस मला घासायला पुढे झाला, तेव्हा नकुलने त्याच्या हातातून वाळू काढून घेतली. मला घासायला त्याला एरवी दोन तास लागत. त्या दिवशी सकाळची संध्याकाळ झाली. तो पाय, मग हात, मग चेहरा असा घासत गेला. करडा गाळ एरवी मोरीत जातो. त्याने तो थेंबन् थेंब मडक्यात भरला, मडक्याच्या तोंडाला फडके बांधले आणि गंगेकाठच्या निमतला स्मशानघाटाकडे निघाला.

"अरे, गाळ टाकायला गंगेवर?" भुवनबाबूंनी हटकले.

"तिला आग मिळाली नाही, बाबू. पाणी तरी मिळू दे."

भुवनबाबूंनी तोंड फिरवले. 

परिमलचे ते दुसऱ्या दगडावरचे चित्र पुढे फार गाजले. आधुनिक चित्रकलेच्या मोठमोठ्या दालनांत ते काचेमागे आहे. तुम्ही ते पाहाल, तेव्हा जरूर हळहळा. पण ती खिरोदा नव्हे. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे, मित्रांनो. ज्याला जपायचे आहे, त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे आधी नीट जाणून घ्या. नकुलची माया खरी होती, आणि बहिणीचा चेहरा त्याच्याच बोटाने गेला.