सिद्ध नाडा आणि आठ तारा

कळंब्यात भीमाप्पांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. तरंगनाथ महाराजांनी राउटरपासून सुनेच्या कॉम्प्युटरपर्यंत लाल दोरा गुंडाळलेला ‘सिद्ध नाडा’ जोडला आणि नेटच्या वेगाचा आकडा चौऱ्याण्णववरून थेट नऊशे तीसवर गेला. बायकांनी हात जोडले. मी शेजारी, निवृत्त विज्ञान शिक्षक. मला हसू येत होतं, पण दाराजवळची सुनेची भरलेली बॅग दिसली आणि ते विरलं.

“मूळ दोष सुनेच्या पायगुणात!” महाराज गरजले. “चाळीस दिवस तिची सावली यंत्रावर नको, नाहीतर आकडा पडलाच!”

“चंदगडची तीनची एष्टी हाय,” सासूबाई मल्लव्वा म्हणाल्या. बाहेर रिक्षा हॉर्न देत होती.

सून दानेश्वरी घरूनच एका कंपनीचे नकाशे करायची. हजार एमबीपीएस वेगाचं कनेक्शन घेऊनही फायली वेळेत पोचत नव्हत्या. कंपनीनं सोमवारची शेवटची मुदत दिली होती. चंदगडला माहेरी तर नेटच नाही. नोकरी जाणार, वर पायगुणाचा डाग. मला संताप आला.

दानेश्वरी उठली आणि नाड्याचा दोरा उलगडू लागली.

“भस्म होशील!” महाराज ओरडले.

सगळे मागे सरकले. दोऱ्याखाली निघाली नवीकोरी वायर. ती तशीच जोडलेली ठेवून दानेश्वरी यंत्रासमोरच बसली. आकडा नऊशे तीस! मग तिनं तोच दोरा महाराजांनी आधी काढलेल्या जुन्या वायरीच्या टोकाला गुंडाळला.

“आता तुम्हीच जोडा महाराज, मंत्रासकट.”

त्यांनी जोडली. चौऱ्याण्णव.

मी जुनी वायर भिंतीनं चाचपत गेलो. कपाटामागं काळ्या टेपचा गोळा होता. तो सोडला. वायरीतल्या आठ तारांपैकी चारच कॉम्प्युटरकडं जात होत्या, उरलेल्या चार फाटकावरच्या कॅमेऱ्याकडं.

“हजारच्या वेगाला आठही लागतात,” मी म्हणालो. “चारवर शंभराच्या आतच. हे कुणी केलं?”

“म्याच,” सासरे भीमाप्पा पुटपुटले. “दुसरी वायर कशाला वढायची म्हणून एकीतच भागवलं.”

“आन् पोरीचा पायगुण काढला तवा गप बसलासा व्हय?” मल्लव्वा कडाडल्या. मल्लव्वांनी बॅग उचलून सुनेच्या खोलीत ठेवली आणि दारातून रिक्षावाल्याला हाक मारली, “पावणं, सून जात न्हाय. ह्या महाराजास्नी न्या स्टँडवर!”

वाचकहो, चमत्कार दिसला की तो महाराजांशिवाय करून बघा. आणि घरात आलेल्या मुलीच्या पायात दोष शोधण्याआधी कपाटामागची वायर तरी एकदा तपासा.