खिळ्यांच्या डब्यातली पाकिटं

त्या गल्लीत सोफे शिवणारे चौघे होते, पण उस्ताद म्हणायचे ते एकालाच. वीतभर लांबीची वाकडी सुई तो जाड रेक्झिनमधून अशी काढायचा, की बघणाऱ्याला वाटावं हा लोणी कापतोय. दिवसाकाठी शेकडो टाके घालणारा हा गडी इंजेक्शनची सुई दिसली की मात्र पांढराफटक पडायचा. लग्नाआधी रक्त तपासायला गेला तेव्हा बाकावरून खाली घसरला होता, आणि ते बघायला नेमका होणारा मेहुणाच हजर. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चौकातल्या दवाखान्यात कंपाउंडर. माणूस लाखात एक, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. ती घसरगुंडी त्याने बारा वर्षं सगळ्यांना पुरवून पुरवून सांगितली.

त्रेचाळिसाव्या वर्षी उस्तादाचं काहीतरी बिनसलं. दुपारी दोनच्या सुमाराला हात जड व्हायचे, शिवण धरवायची नाही, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचा कंटाळा यायचा. घरी बायको जवळ आली की हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा, आणि ती बिचारी समजायची, आपलंच काही चुकलं. शेवटी तो कोणाला न सांगता शहराच्या दुसऱ्या टोकाला हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेला. डोळे घट्ट मिटून दोनदा रक्त दिलं. पुरुषाच्या अंगात जे टेस्टोस्टेरॉन असायला हवं, ते दोन्ही वेळा फारच कमी निघालं.

डॉक्टर शांत होते, त्यांनी सगळं उकलून सांगितलं. एक उपाय इंजेक्शनचा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा टोचायचं; पहिले काही दिवस अंगात जोर, शेवटी शेवटी उतार, आणि रक्त जास्त घट्ट होत नाही ना, यावर नीट लक्ष ठेवायचं. दुसरा उपाय जेलचा. रोज सकाळी एक पाकीट फोडून खांद्यांना चोळायचं, पातळी बरीचशी सारखी राहते, पण दिवस चुकवायचा नाही. उस्तादाने आपल्या भाषेत मनात मांडणी केली: एक स्प्रिंगचा सोफा, एक फोमचा. मग डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. जेल लावलं की हात धुवा, वाळलं की खांदे कपड्याने झाका, आणि घरात लहान मूल असेल तर ती जागा त्याच्या अंगाला लागू देऊ नका. उस्तादाने मान डोलावली. पण मान डोलावणारा माणूस ऐकत असतोच असं कुठे आहे? त्याच्या कानात तेव्हा एकच गोष्ट घुमत होती, की सुई नाही.

शिवाय इंजेक्शन म्हणजे चौकातला दवाखाना, म्हणजे मेहुणा, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला बातमी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्याने जेल घेतलं. खोका आणि आतला माहितीचा लांबलचक कागद बाहेरच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि सुटी पाकिटं दुकानात आणून खिळ्यांच्या डब्यात तळाशी दडवली.

रोज सकाळी दहाला तो शटर वर करायचा, सदरा खुंटीला अडकवायचा, पाठमोरा उभा राहून जेल लावायचा, आणि हात साबणाने स्वच्छ धुवायचा. ते कशाला, तर गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडू नये म्हणून! खांदे झाकायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. सदरा घालून सोफा कोण शिवतं? फोमचा भुसा कॉलरमध्ये जातो, बाही टाक्यात अडकते. गल्लीतले चौघेही बनियनवरच काम करायचे.

आणि दुपारी एक वाजता बायको डबा घेऊन यायची, सोबत खारू. तीन वर्षांची त्यांची मुलगी. दिसेल त्यावर चढायची, म्हणून खारू. जेवण झालं की ती बापाच्या अंगावर चढून त्याच्या खांद्यावर गाल टेकायची आणि तिथेच तासभर झोपायची. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने टाके घालायचं उस्तादाला छान जमलं होतं. दिवसातला तो तास त्याला सगळ्यात आवडायचा.

जेलने काम केलं, खोटं कशाला बोला. तीन महिन्यांत हातात ताकद आली, घरात हसणं परत आलं. बायको म्हणाली, दृष्ट लागेल हो. ती लागली, पण भलत्यालाच.

पाचव्या महिन्यापासून खारू बदलायला लागली. फ्रॉक भराभर आखूड झाले. कपाळावर मुरमं आली, घामाला मोठ्या माणसासारखा वास यायला लागला, बगलेत लव दिसली. बालवाडीतून रोज तक्रार: आज ढकललं, आज चावली. बायकोने आधी साबण बदलला, मग तेल बदललं, मग एक दिवस ती तिला उचलून थेट मोठ्या इस्पितळात मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी रक्त काढलं, हाताचा एक्स-रे काढला. साडेतीन वर्षांच्या मुलीची हाडं साडेपाच वर्षांची दिसत होती, आणि रक्तात पुरुषाचा हार्मोन होता.

मॅडमनी दोघांना समोर बसवलं. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते, तिथे गाठ झाली तर असं होऊ शकतं, म्हणाल्या. गुरुवारी खारूला झोपेचं औषध देऊन पोटाचा स्कॅन करायचा. गाठ निघाली तर ऑपरेशन. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घरात कोणी हार्मोनचं काही घेतं का? गोळ्या, मलम, जेल?"

"छे हो," बायको लगेच म्हणाली. "यांना तर साधी डोकेदुखीची गोळी घ्यायची म्हटलं तरी मागे लागावं लागतं."

चोराच्या मनात चांदणं. मॅडम उस्तादाकडे बघत होत्या, बायको ओढणीने डोळे पुसत होती, आणि हा मूग गिळून बसला. मॅडमनी पुढच्या कागदावर लिहायला सुरुवात केली.

तिथून तो तडक दुकानात गेला, शटर अर्धं ओढलं आणि खिळ्यांचा डबा जमिनीवर उपडा केला. पाकिटाच्या पाठीवर मुंगीएवढी अक्षरं होती. चष्मा लावून, उजेडाशी धरून वाचलं. लावलेल्या जागेचा लहान मुलांना स्पर्श होऊ देऊ नका. तो खिळ्यांमध्येच खाली बसला.

आता कोणीही म्हणेल, शहाण्या, तसाच उठून परत जा. पण शरमेला पाय नसतात. त्याने स्वतःची समजूत घातली: आजपासून जेल बंद, खारूला जवळ घ्यायचं नाही, म्हणजे आपोआप उतरेल, सांगायची गरजच काय? पुन्हा वाटायचं, आणि खरंच गाठ असली तर? आपल्या बोलण्याने स्कॅन लांबला आणि तोवर ती वाढली तर? भित्र्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. तीन दिवस तो अंगभर सदरा घालून बसला. खारू जवळ आली की काम आहे म्हणायचा. ती सोफ्याच्या उघड्या सांगाड्याला टेकून बसायची आणि बापाकडे बघत राहायची.

गुरुवारी सकाळी इस्पितळात नर्सने खारूच्या हातात सुई घालायचा प्रयत्न केला. शीर सापडेना. पहिल्यांदा टोचली, सुटली. दुसऱ्यांदा टोचली, खारू किंचाळली, हात सुजला. नर्स दुसरा हात शोधायला लागली आणि उस्तादाला म्हणाली, जरा घट्ट धरा हिला. धरलं त्याने. ज्या हातांनी जन्मभर सुई चालवली, त्याच हातांनी त्याने तिचं मनगट सुईपुढे धरलं. बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती.

खारू रडायची थांबली. हुंदके देत म्हणाली, "बाबा, खांदा दे ना."

"थांबा," उस्ताद म्हणाला. नर्सला आधी ऐकूच गेलं नाही. मग तो मोठ्याने म्हणाला, "थांबा. गाठ नाहीये. माझ्यामुळे झालंय हे."

मॅडमना बोलावलं. तिथेच, त्या पलंगाशेजारी, बायकोसमोर, नर्ससमोर त्याने सगळं सांगितलं. जेल, पाकिटं, बनियन, दुपारची झोप. कुठलं जेल, किती महिने, शेवटचं कधी लावलं, मॅडमनी सगळं लिहून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. गाठ नाही हे तुम्ही नाही, तपासणी ठरवेल, म्हणाल्या. पण हे कारण पुरेसं आहे. आज स्कॅन नको, जेलचा संपर्क पूर्ण बंद ठेवून सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू. आकडा खाली आला नाही, तर मात्र स्कॅन करावाच लागेल.

बायको ऐकत होती. खारूच्या सुजलेल्या हातावर कापूस धरून तिने फक्त एवढंच म्हटलं, "लाज तुम्हाला वाटली, आणि सुया हिला टोचल्या."

घरी आल्यावर तिने उस्तादाचे सगळे बनियन फेकून दिले, दुकानातला सोफा सोडून सगळं धुऊन काढलं, आणि सहा आठवडे त्याच्याशी कामापुरतंच बोलली. जेवण वाढायची, ताट जरा जोरात ठेवायची. खारूला तिने शिकवलं, की बाबाच्या खांद्याला औषध असतं, हात लावायचा नाही. औषध तर कधीच बंद होतं, पण नियम बदलायला ती तयार नव्हती, आणि तिला तसं म्हणायला उस्तादाला तोंड नव्हतं.

सहा आठवडे जीव टांगणीला लागला होता. अखेर रक्ताचा कागद आला, आणि आकडा वयाला शोभेल इतका खाली उतरला होता. गाठीची भीती गेली. वास गेला, चावणं थांबलं. हाडं जी पुढे धावली ती मागे येणार नाहीत, म्हणाल्या मॅडम. काही वर्षं उंचीवर लक्ष ठेवावं लागेल. बायको कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून पोटभर रडली, आणि रडता रडता तिने त्याची बाही धरली, तेवढ्यावर तो जगला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी चौकातल्या दवाखान्यात गेला. हार्मोनच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. मेहुण्याने ती वाचली, पडदा ओढला. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने ती घसरगुंडी काढली नाही.

"दाजी," शेवटी तो म्हणाला, "मला सांगायचं होतंत. मी एवढा वाईट आहे का?"

उस्ताद पालथा झोपला, आणि सुई आत जाताना डोळे उघडे ठेवले. मेहुण्याने खरंच कुठे काही सांगितलं नाही. गल्लीला कळलं ते उस्तादानेच बाकीच्या तिघांना सांगितलं म्हणून, कारण त्यांच्याही घरी पोरं होती. त्यातल्या एकाने मग हळूच विचारून घेतलं, डॉक्टर बसतात कुठे.

इंजेक्शन घेतलं त्याच दुपारी एक वाजता डबा आला. उस्ताद नव्या बनियनवर काम करत होता. खारू उंबऱ्यात थांबली. आधी आईकडे बघितलं. आईने होकाराची मान डोलावली.

"बाबा, आज हात लावू?"

"लाव."

ती जवळ आली, पण चढली नाही. इस्त्री तापली आहे का बघतात, तसं तिने एक बोट त्याच्या खांद्याला लावलं आणि पटकन मागे घेतलं. मग ते बोट नीट निरखून बघितलं. उस्तादाच्या हातातली सुई तशीच राहिली. चार वर्षांची व्हायला आलेली ती पोर बापाला हात लावण्याआधी विचार करायला शिकली होती, आणि ते त्याच्यामुळेच. थोड्या वेळाने तिने गाल टेकला. त्याने दोरा तोडला, सुई उशीत खोचून ठेवली, आणि ती उठेपर्यंत एकही टाका घातला नाही.